कुपाटीला हात लावणार न्हाई

अन्याय झाला तो अनसूयाबाईंवर. म्हणजे तुमच्यावर, अनसाकाकू. कधी झाला तेही सांगून ठेवते, म्हणजे उद्या कुणी "तसं काही घडलंच नाही" म्हणायला नको. तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, वेल्ह्याची पहिली एसटी विंझर सोडून पुढं गेली त्या सुमाराला तुमच्या परसात जेसीबी शिरला. तेराव्याच्या पत्रावळ्या अजून उकिरड्यावर होत्या. तुमच्या फोटोचा हार सुकला नव्हता. ज्या कुपाटीला हात लावणार नाही असं तुमच्या पोरानं, बाळूदादानं, दहाव्याला नदीकाठी सगळ्या गावासमोर सांगितलं होतं, तीच कुपाटी त्यानं निम्मी मुळासकट उपटून टाकली.

ज्यांनी तुमचं परस बघितलेलं नाही त्यांनाही कळायला हवं की ही कुपाटी म्हणजे काय. घराच्या मागं, थेट वेल्ह्याच्या रस्त्यापर्यंत, शेराचं जितं कुंपण. बोटाएवढ्या जाड हिरव्या कांड्या, पानं नावालाच, आणि मोडलं की दुधासारखा चीक. त्यात बोरी, घाणेरी आणि करवंदाची जाळी अशी घुसलेली की मांजराला आत जाता येत नसे. म्हणून तर पाखरं जायची. बुलबुल, होला, शिंपी आतमध्ये घरटी करायचे. चिमण्या अंडी घालायच्या तुमच्या कौलांच्या वळचणीला, पण दिवस कलला की सगळ्या मुक्कामाला कुपाटीत. तेवढा एक वेळ तुमच्या परसात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. तुम्ही म्हणायचात, "भरली बघ ग्रामसभा. हितं तरी समद्यांना बोलाया मिळतं."

मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या गळ्यात दुर्बीण होती आणि पिशवीत पत्रकं. भोरच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटून वाटून माझी जीभ तयार झाली होती. दारात आले आणि सुरूच केलं, अधिवास, जैवविविधता, काय काय. तुम्ही सुपात तांदूळ पाखडत होतात. मान वर न करता विचारलंत, "कुणाची गं तू?"

"बौद्धवाड्यातली. सखूबाईंची नात."

मग मात्र मान वर केलीत. जरा वेळ बघितलंत. "सखूची व्हय? बस की मंग. हुबी का?"

बसले. तुम्ही सूप हलवलंत आणि त्या आवाजासरशी चिमण्या वळचणीतून खाली आल्या. कणी उडून पडायची त्या जागी, तुमच्या पायाच्या अंगठ्यापाशी. मी दुर्बीण डोळ्याला लावली तशा सगळ्या भुर्र.

"आगं, चार हातावं बसल्यात त्या, त्यास्नी काय लांबनं बघतीस? आन टक लावू नगं. मांजर लावतं टक. आपलं काम करायचं, त्यांचं त्या करत्यात."

तेवढं मी शिकले. हातात काहीतरी निवडायला घेऊन बसायचं. पावटे सोलायचे, लसूण सोलायचा. मग शिंपी येतो, शेपटी ताठ करून ओरडतो, दयाळ मोरीच्या ओलीत किडे वेचतो, जास्वंदीवर ती चिमुकली जांभळी पाखरं उलटी लटकतात. त्यांना तुम्ही "साखरचिमणी" म्हणायचात. मी सांगायचे की ती चिमणी नव्हे. "चिमणी न्हाई तर काय म्हैस हाय व्हय?" विषय संपला. तुम्हाला आकारानं लहान ते सगळं चिमणीच होतं आणि माझं पुस्तक तुमच्यापुढं कधी चाललं नाही. आणि काकू, मेलेल्या माणसाचं सगळंच खरं असतं असं मी मानत नाही. ती चिमणी नव्हती. आजही नाही.

साळुंकीवरून तर आपलं कायमचं वाजलेलं. तुम्ही तिला खडे मारायचात. मी हात धरायचे.

"काकू, साळुंकी पण पक्षीच आहे."

"पक्षी हाय म्हणून काय झालं? गुंड हाय ती. चिमणीच्या वळचणीत घुसती, पिल्लं भाईर लोटती. तुझ्या कागदात लिव्ह तिचं नाव."

"आम्ही पाखरांची नावं घालून बदनामी करत नाही."

"मंग कुणाची करता?"

"माणसांची."

"त्ये बरं करता," म्हणालात, आणि हळूच अजून एक खडा मारलात.

माझी पत्रकं तुम्ही वाचायचात. एकेक अक्षर मोठ्यानं, शाळेतल्या पोरीसारखी. वाचून झालं की लोणच्याच्या बरणीवर बांधायचात. मी चिडले तर म्हणालात, "चांगला हाय की कागद. शाई सुटत न्हाई." गावातल्या दुसऱ्या कुणी माझं पत्रक पूर्ण वाचलेलं मला माहीत नाही. ग्रामसभेत रस्त्याकडेच्या झाडांबद्दल बोलायला उभी राहिले तेव्हा मागनं कुणीतरी "कागदवाली आली" म्हणून ओरडलं आणि सगळे हसले. बाहेर आले तर तुम्ही कट्ट्यावर बसलेल्या. घरी नेलंत, भाकरी दिलीत, वर ठेचा. तोंड भाजलं, डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही म्हणालात, "आता रड. ठेचा हाय म्हणून सांगू समद्यांना." त्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे, आणि हे तुम्ही होतात तेव्हा सांगितलं नाही.

न बोललेलं आणखी एक आहे. गोड गोड लिहायला मला जमत नाही, म्हणून तेही लिहिते. माझी आज्जी तुमच्या खाचरात आवणीला, म्हणजे भातलावणीला, यायची. दुपारी तिला पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. हे आज्जीनंच सांगितलंय मला. ओतणारा हात कुणाचा ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तुमच्या घरात मला चहा यायचा तो स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या पेल्यातून, घरातल्या सगळ्यांना यायचा तसाच. मी दर वेळी बघायचे, पेला कुठून येतो. तुम्हाला कळत असणार की मी बघते. एकदा लसूण सोलता सोलता आपणहून म्हणालात, "तुझी आज्जी आवणीला गाणी लई चांगली म्हणायची." आणि थांबलात. पुढं काहीतरी येणार होतं. आलं नाही. मीही ओढून काढलं नाही. पाखरांसाठी तुम्ही पाण्यानं परात भरून ठेवायचात, कुणीही यावं, कुणीही प्यावं. त्या परातीकडं आपण दोघी बघत राहिलो. काकू, ते वाक्य तुम्ही पुरं करायला पाहिजे होतं. मी माफ केलं असतं की नसतं, मला माहीत नाही. आज्जीच्या वतीनं माफ करायचा मला हक्क तरी आहे का, तेही माहीत नाही. पण वाक्य पुरं करायला पाहिजे होतं.

आणि शेवटचा वाद. बाळूदादाच्या डोक्यात हॉटेल आलं तेव्हाचा. शनिवार-रविवारी तोरण्याला, राजगडाला पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, रस्त्याला लागून आपलं परस, मग नाष्टा सेंटर काढायचं आणि कुपाटीच्या जागी गाड्या लावायच्या. फ्लेक्ससुद्धा छापून आणला होता. "हॉटेल निसर्ग". वर एक लालभडक विलायती पोपट, जो ह्या खोऱ्यात कुणाच्या बापानं बघितलेला नाही. जमीन त्याच्या नावावर तुम्ही कधीच करून दिली होतीत. मी म्हटलं, काकू, निदान कुपाटीचं त्याच्याकडनं लिहून घ्या. दोन ओळी, खाली सही. तुम्ही अंथरुणाला खिळला होतात, तरी उठून बसलात.

"पोटच्या पोराकडनं लिव्हून घिऊ? उद्या म्हणशील, भाकरी वाढताना पावती फाड."

"मग तो तोडणार."

"म्या हाय तवर न्हाई तोडायचा."

"आणि नंतर?"

"नंतर दहावा हाय की. कागदाला कोण भेतंय गं? मान्सं कावळ्याला भेत्यात. बघच तू."

मी म्हटलं, तुमचा कावळा कोर्टात साक्षीला येणार आहे का? तुम्ही हसलात, खोकलात, म्हणालात, "जा आता, परत भांडू." ते परत भांडणं राहिलं. पुढच्या खेपेला आले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती.

आमच्यात पिंड ठेवत नाहीत. आमच्या वाड्यात कुणी गेलं तर कावळ्याची वाट बघत कुणी उन्हात उभं राहत नाही. तरी तुमच्या दहाव्याला मी नदीवर आले, बायकांच्या मागं उभी राहिले. आपल्या भागातला दहावा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. मंडप, खुर्च्या, जनरेटर, दोन कर्णे. प्रवचन झालं. मग पुढारी सुरू झाले, एकामागून एक, प्रत्येकाला श्रद्धांजली वाहायचीच होती. एकानं तुमचं नाव चिठ्ठीत बघून वाचलं आणि तुम्हाला "निसर्गप्रेमी माउली" म्हटलं. त्याच्या गाड्या वर रस्त्यावर तुमच्या कुपाटीला लावलेल्या होत्या, सावलीला. शिवऱ्याहून आलेले तुमचे माहेरचे लोक घाम पुसत बसलेले. कावळे समोरच्या उंबरावर होते. कर्णा खरखरला की उडायचे, परत बसायचे.

पिंड ठेवला. कावळा येईना. मग सुरू झालं ते आश्वासनांचं. ज्याला त्याला वाटतं, मेलेल्याच्या मनात काय अडकलंय ते आपल्यालाच कळलं. कावळा शिवत नाही म्हणजे जिवाची इच्छा राहिली, ती ओळखून मोठ्यानं कबूल करायची, मग कावळा येतो. अशी रीत.

तुमचे दीर पुढं झाले. "वैनी, नातीचं लगीन थाटात करू!" कावळा ढिम्म.

"देवीचा नवस फेडू!" ढिम्म.

"वैनी, बांधाचं भांडण मिटवतो म्या!" एवढं बोलून त्यांनी दचकून मागं बघितलं, कारण ज्याच्याशी भांडण तो चुलतभाऊ मागंच उभा होता आणि लगेच म्हणाला, "ऐकलं का रं समद्यांनी?" लोक हसले. दहाव्याला हसले. तुम्हीही हसला असतात.

कावळा तरी येईना. ऊन चढलं. मी मागनं म्हटलं, "बाळूदादा, परसाचं बोला." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बौद्धवाड्यातल्या पोरीनं पिंडाच्या कामात तोंड घालायचं काय कारण. पण तुमच्या शेजारच्या पारूमावशींनी ऐकलं. त्यांचा आवाज कर्ण्याला भारी.

"व्हय रं बाळ्या! तिचा जीव त्या कुपाटीत हाय. बोल की! किती ताटकळत ठिवतूस आयला?"

सूत्रसंचालकाच्या हातात माईक होता. त्यानं तो बाळूदादाच्या तोंडापुढं धरला. तशी त्याला सवयच. बाळूदादानं हात जोडले. त्याचा आवाज फुटला, हे मी बघितलंय आणि ते नाटक नव्हतं.

"आई, कुपाटीला हात लावणार न्हाई. तुझ्या पाखरांचं पाणी बंद करणार न्हाई. ये आता."

दोन्ही कर्ण्यांतून ते नदीच्या त्या तीरापर्यंत गेलं. पलीकडं म्हशी धुणारा माणूस थांबून बघायला लागला. आणि मग साऊंडवाल्यानं, त्याचेही डोळे भरले असतील, जनरेटर बंद केला. एकदम सगळं शांत झालं. उंबरावरचा कावळा उतरला, दोन उड्या मारल्या आणि चोच घातली.

"शिवला! शिवला!"

बायका रडल्या. पारूमावशींनी माझा दंड धरून दाबला. मला विचाराल तर कर्णा बंद झाला म्हणून तो कावळा आला. पण शब्द दिला होता तो कर्णा चालू असताना.

मग तो शनिवार. जेसीबीचा आवाज ऐकून मी धावत आले. तोवर रस्त्याच्या अंगाची निम्मी कुपाटी ढिगाऱ्यात होती. चीक असा गळत होता की बादलीचे दात पांढरे झाले होते. ढिगाऱ्यात होल्याचं घरटं, चार काटक्यांचं, अंडी फुटलेली. शिंप्यानं दोऱ्यानं शिवलेलं एक पान, आत काय होतं ते मी बघितलं नाही. बघवलं नाही.

"बाळूदादा, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला व्हता की."

"मग?"

"आगं, कावळा शिवायला दिला व्हता. कावळा शिवला का न्हाई?"

"शिवला."

"मंग? झालं की त्याचं काम. आय सुटली, मोकळी झाली. आता शब्दाचं काय लोणचं घालायचंय व्हय?"

पारूमावशी पदर खोचून पुढं आल्या. "बाळ्या, आयला फशिवलंस तू." तो म्हणाला, "मावशी, पोरं कुठं पुण्यात हमाली करू देत का? हितं धा गाड्या लागल्या तर घर चालंल." ते खोटं नाही. त्यानं तुमचं दुखणं काढलं, दवाखाने केले, रात्री उशाशी बसला. तो वाईट मुलगा नाही. पण गाड्या लावायला घराच्या पुढं मोकळं अंगण आहे, हे मी त्याला दहादा दाखवलंय. तिथं कुपाटी नाही, पाखरं नाहीत, नुसतं फावडं मारलं की झालं. पण ते रस्त्यावरनं दिसत नाही म्हणे. फ्लेक्स दिसत नाही. त्या पोपटासाठी हे सगळं.

उरलेली निम्मी वाचली ती माझ्यामुळं नाही. कांडी फुटली आणि चिकाचा फवारा जेसीबीवाल्याच्या हातावर, गालावर उडाला. तो खाली उतरला, पाणी मागितलं, म्हणाला, "मालक, डोळ्यात गेला आसता तर? म्या आसा न्हाई करत. सोमवारी समदं झाकून येतो." शेरानं स्वतःचं राखलं तेवढं राखलं. आम्ही माणसं उभी होतो नुसती.

संध्याकाळी चिमण्या आल्या. नेहमीच्या वाटेनं आल्या आणि जिथं कुपाटी होती तिथं पोचून हवेतच थबकल्यासारख्या झाल्या. गोल फिरल्या, परत आल्या. काही उरलेल्या भागात शिरल्या, तिथं जागा पुरेना, भांडण लागलं. बाकीच्या विजेच्या तारेवर, आणि थोड्या त्या उभ्या जेसीबीच्या हातावर जाऊन बसल्या. मी पावटे घेऊन बसले होते. एकही सोलला नाही. त्यांच्याकडं टक लावून बघत राहिले, मांजरासारखी.

काकू, मला रडू यायला हवं होतं, राग आला. तुमचाही आला. तुम्ही म्हणालात, माणसं कावळ्याला भितात. चुकलात तुम्ही. पिंडावर असतो तोवर भितात. तो उडाला की भीतीही उडाली. कागद असता तर निदान मी तो घेऊन तालुक्याला गेले असते, चार जणांपुढं आपटला असता. पण खरं सांगायचं तर कागद असता तरी बाळूदादा काहीतरी बोललाच असता. "कागद आईसंगं केला व्हता, आई गेली," असलं काहीतरी. म्हणजे मीही चुकले. माणसं कावळ्याला भीत नाहीत आणि कागदालाही भीत नाहीत. एकमेकांच्या तोंडाला भितात, तेवढंच काय ते. तुमच्या दिरांनी बांधाचं भांडण खरंच मिटवलं, माहीत आहे? कावळा त्यांच्या बोलण्याला आला नव्हता. चुलतभाऊ रोज डेअरीवर दूध घालताना विचारायचा, "काय दादा, माईकवर बोलला व्हतासा ना?" म्हणून मिटवलं.

तुमच्या जवळ बसून हे बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "बरं मंग, हितं का रडतीस? जा, त्यांना सांग." सांगते.

वाचणाऱ्यांनो, आता तुमच्याशी. हा कागद मी डेअरीवर, गिरणीत आणि विंझरच्या दुकानांतून लावतेय. तुमच्यातले पुष्कळ जण त्या दहाव्याला होते. मंडपात बसून सरबत प्यायलात, "शिवला" म्हणून ओरडलात, डोळे पुसलेत. तो शब्द कावळ्याला दिला नव्हता, कावळ्याला मराठी कळत नाही. तो तुमच्यासमोर दिला होता, म्हणून तो तुमच्याकडं ठेवलेला आहे. उरलेल्या कुपाटीत ह्या घडीला बुलबुलाची पिल्लं आहेत, आणि सोमवारी सकाळी जेसीबी परत सुरू होतोय. तुम्ही या. घोषणा नको, फलक नको, मारामारी तर मुळीच नको. एकेकानं बाळूदादासमोर उभं राहायचं आणि एवढंच विचारायचं: "तू नदीवर काय बोलला होतास?" पुढाऱ्यांनीही यावं, श्रद्धांजलीला वेळ होता तसा ह्यालाही काढावा. आणि ज्याला म्हणायचंय की मी काही ऐकलं नाही, त्यानंही घरात बसू नये. सोमवारी परसात यावं आणि पारूमावशींच्या तोंडाकडं बघून ते म्हणून दाखवावं.